गंजलेल्या फिल्टरने अडवलेली गाडी



मागच्या खेपेस ह्या जागेवर आम्ही शिवणयंत्राच्या तेलपाण्याविषयी लिहिले होते. त्यावर एका वाचक भगिनीने निरोप धाडला, "घरात चालणाऱ्या यंत्राचे लिहिता ते ठीक, पण ज्याच्यावर आमचे घर चालते त्या यंत्राचे कधी लिहिणार?" त्यांच्या दारात जुना डिझेल टेम्पो आहे. पहाटे मार्केट यार्डातून भाजी, दुपारी विटा नाहीतर कुणाचे घरसामान, लग्नसराईत मांडववाल्याचे बांबू आणि खुर्च्या. मालक, ड्रायव्हर आणि हमाल एकच माणूस, तो म्हणजे त्यांचे यजमान. गाडी उभी राहिली की त्या दिवसाची मजुरी बुडाली, शिवाय गिऱ्हाईक दुसऱ्याकडे गेले ते गेलेच.

त्यांची अडचण अशी, की गाडी सपाटीला बरी चालायची, पण भार घालून चढ लागला की जीव सोडायची. ॲक्सिलरेटर दाबला तरी पिकअप नाही. थोडा वेळ उभी केली की पुन्हा सुरू होऊन अर्धा मैल जायची आणि परत तेच. एका गॅरेजवाल्याने गाडीखाली न वाकताच निदान केले, "पंप गेला, खोलावा लागेल." पंप खोलायचा म्हणजे हजारांचा आकडा. वहिनींनी कानातले मोडायला काढले होते. तेवढ्यात शेजारचे एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले मिस्त्री आले, गाडीखाली आडवे झाले आणि म्हणाले, "वहिनी, पंपाला हात लावायच्या आधी हा डबा खोला. कित्येक वर्षांत ह्याला कुणी हातच लावलेला दिसत नाही." डबा म्हणजे डिझेलचा फिल्टर. गंजून तो जाग्यावर इतका घट्ट बसला होता, की प्रत्येक मेकॅनिकने तो बघून न बघितल्यासारखे केले होते. मिस्त्रींना तो काढायला अर्धा दिवस लागला. आतून निघाले वाटीभर पाणी आणि कॉफीसारखा गाळ. पंप अगदी ठणठणीत होता.

आमच्या वस्त्यांतून, गावांतून अशा जुन्या गाड्या पुष्कळ आहेत. टाटाची ४०७ बाजारात आली १९८६ साली, तिची जुनी पिढी अजूनही माल ओढते आहे. बजाज टेम्पो कंपनीचे नाव २००५ पासून फोर्स मोटर्स झाले, तरी माणसे चारचाकी मालगाडीला टेम्पोच म्हणतात. फिल्टरचेही तसेच. ज्या माइको कंपनीचे फिल्टर आणि पंप घरोघर ठाऊक, ती २००८ पासून बॉश ह्या नावाने चालते, पण दुकानात जाऊन "माइकोचा फिल्टर द्या" म्हटले तर कुणी चुकत नाही. तेव्हा आज ह्या फिल्टरविषयीच लिहू. मुद्दा आहे तो गंजलेला फिल्टर काढण्याचा. नवा बसवणे सोपे, जुना काढणे कठीण.

डिझेल टाकीतून निघते, फिल्टरमधून जाते, मग पंपात आणि पंपातून नोजलला. पंप आणि नोजल ह्यांचे आतले भाग इतके बारीक घासून बसवलेले असतात, की डोळ्याला न दिसणारा कणही त्यांना ओरखडा पाडतो. म्हणून मध्ये हा पहारेकरी. जुन्या ट्रकांना आणि टेम्पोंना बहुधा दोन डबे शेजारी शेजारी असतात, एक जाड नमद्याचा, दुसरा कागदाचा. काही गाड्यांना एकच, आट्यांवर फिरवून बसणारा पत्र्याचा डबा. चोकअप झाला की इंजिनाला पोटभर डिझेल मिळत नाही. सपाटीला थोडक्यात भागते, चढाला जास्त लागते आणि तिथेच गाडी मान टाकते. म्हणून चढाला मरणाऱ्या गाडीचा फिल्टर आधी, पंप नंतर.

हा गंज येतो कुठून? दोन्हीकडून. बाहेरून पावसाळा, चिखल आणि कोकणपट्टीत खारा वारा. आतून पाणी. टाकी रात्रभर अर्धी रिकामी राहिली की तिच्यातल्या हवेतला दमटपणा पत्र्यावर घाम धरतो आणि डिझेलमध्ये उतरतो. पाणी डिझेलपेक्षा जड, त्यामुळे ते तळाला बसते आणि पत्रा आतून खाते. जी गाडी रोज चालते तिला हे कमी, जी महिनोन् महिने उभी राहते तिला जास्त. तमाशाच्या फडाच्या गाड्या घ्या. दसऱ्याला फड बाहेर पडतो, उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत गावोगाव फिरतो. माणसे, राहुट्या, पेट्या, स्वयंपाकाची भांडी सगळे गाडीवर. पावसाळाभर त्याच गाड्या उघड्यावर उभ्या. नारायणगावला जत्रांच्या सुपाऱ्या ठरतात त्या हंगामात गाडी बंद पडून चालत नाही, आणि गंज तर नेमका आधीच्या पावसाळ्यात चढलेला असतो.

परदेशातही हीच गोष्ट आहे. अमेरिकेत मोटरहोम म्हणून गाड्या असतात, आत झोपायची जागा, चूल, मोरी असे चाकांवरचे घरच. फोर्डच्या नाहीतर शेव्हरोलेच्या चासीवर बांधलेल्या अशा जुन्या पुष्कळ गाड्या पेट्रोलवर चालतात. वर्षातून थोडे दिवस फिरायचे, बाकी दिवस उभ्या. त्यात बर्फ वितळावा म्हणून तिकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते खालून चासीला खाते. फिल्टर चासीच्या पट्टीला आवळलेला असतो, म्हणजे मिठाच्या तोंडीच. तिथेही माणूस रस्त्याकडेला गाडीखाली आडवा होऊन गंजलेल्या नटाशी झगडतो. पेट्रोलचे झगडणे मात्र वेगळे आणि जास्त धोक्याचे, त्याविषयी पुढे सांगतो.

आता काम. पहिली गोष्ट, गाडी सपाट आणि कडक जमिनीवर, हॅण्डब्रेक ओढलेला, चाकांच्या मागे-पुढे दगड. खाली शिरायचे असेल आणि गाडी उचलायची असेल तर फक्त जॅकच्या भरवशावर कधीही खाली जाऊ नये. लोखंडी घोडी किंवा जाड लाकडी ओंडके चासीखाली घालावेत आणि गाडी त्यांच्यावर टेकवावी. जॅक सरकायला क्षणही लागत नाही. इंजिन थंड होऊ द्यावे, कारण तापलेल्या सायलेन्सरवर सांडलेले डिझेलही पेट घेऊ शकते. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवावी. डोळ्यांवर गॉगल हवाच, वर बघून काम करताना गंजाचा चुरा सरळ डोळ्यात पडतो. पडलाच तर चोळू नये, स्वच्छ पाण्याने धुवावे, आणि टोचत राहिले तर दवाखाना गाठावा. खाली पसरट पातेले ठेवावे. (स्वयंपाकघरातले नव्हे. ह्या कारणावरून झालेली भांडणे आम्हांस ठाऊक आहेत.)

मग वायर ब्रशने डब्याचा, नटांचा आणि मुख्य म्हणजे आट्यांच्या कडेचा गंज आणि चिखल साफ करावा. हे काम कंटाळवाणे, म्हणून कुणी करत नाही आणि मग पाना सटकतो. साफ झाल्यावर गंज सोडवणारे तेल मारावे. बाजारात त्याचे स्प्रे मिळतात, नसेल तर डिझेलमध्ये थोडे इंजिन ऑइल मिसळून ब्रशने लावावे. लावून लगेच पाना घालू नये. संध्याकाळी एकदा, रात्री झोपताना एकदा, पहाटे एकदा. मध्ये मध्ये हातोडीने नटाला हलके टोले द्यावेत, म्हणजे तेल आत झिरपते. टोले डब्याला किंवा नटाला. वरचे डोके, ज्यात डबा अडकतो, ते बहुधा ॲल्युमिनियमच्या ओतकामाचे असते, त्याला टोला बसला तर चीर जाते आणि मग खरोखरच मोठा खर्च येतो.

कोणत्या बाजूला फिरवायचे ह्यावरही लोक फसतात. आट्यांवर बसलेला डबा खाली लटकत असतो. गाडीखाली झोपून त्याच्या बुडाकडे बघत असाल तर घड्याळाच्या काट्याच्या उलट फिरवायचा. पण वरून, बॉनेटमधून वाकून हात घातलात तर तीच दिशा तुम्हांला काट्याच्या बाजूने दिसते. अर्धा तास जोर लावून डबा आणखी घट्ट करणारे बहाद्दर आम्ही पाहिले आहेत. आधी बोटाने हवेत फिरवून बघावे, मग जोर लावावा.

जोरही एकदम नको. डब्याभोवती पॉलिश पेपर गुंडाळून पकडावे, नाहीतर जुना कापडी पट्टा आवळावा. त्याने न हलल्यास चेन पाना. चेन डब्याच्या वरच्या कडेजवळ लावावी, कारण तिथे पत्रा जाड असतो. मध्यावर लावली तर डबा पिचतो. किंचित आवळायचे, मग सोडायचे, पुन्हा आवळायचे, असे मागेपुढे केल्याने गंजाची पकड सुटते.

आता गॅरेजमधली प्रसिद्ध युक्ती, म्हणजे डब्यात आरपार मोठा स्क्रू ड्रायव्हर ठोकून त्याने फिरवणे. ही युक्ती खोटी नाही, पण शेवटची आहे. गंजलेला पत्रा पापडासारखा फाटतो, डबा खाली येतो आणि वरची चकती मात्र आट्यांवर तशीच राहते. शिवाय एकदा भोक पाडले की गाडी हलवण्याचा मार्ग बंद. म्हणून नवा फिल्टर हातात आल्याशिवाय ही युक्ती करू नये. चकती राहिलीच तर घाबरू नये, तिच्या काठावर छिन्नीचे टोक तिरपे धरून उलट्या दिशेने हलके टोले देत गेले की ती फिरते. फक्त छिन्नी डोक्याच्या बसकीला लागू देऊ नये.

बोल्टवाला डबा असेल, तर डोक्यावरच्या मधल्या बोल्टाला फिक्स पाना नको, रिंग पाना घालावा. रिंग सगळ्या कोपऱ्यांना धरते, फिक्स पाना दोनच कोपऱ्यांना धरतो आणि गंजलेले कोपरे गोल करून टाकतो. खालचा पाणी सोडायचा बोल्ट न निघाल्यास त्याच्या नादी लागू नये. अख्खा डबा डिझेलसह खाली उतरवावा आणि बोल्ट बाहेर निवांत काढावा.

पाइपांच्या बाबतीत आम्ही एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगू. फिल्टर टाकायचाच आहे, त्याचा जीव गेला तरी चालेल, पाइप वाचला पाहिजे. नट फिरताना पाइपही सोबत पिळवटत असेल तर तिथेच थांबावे. एका पान्याने फिल्टरची बाजू घट्ट धरावी, दुसऱ्याने नट फिरवावा. पुन्हा तेल, पुन्हा वाट. पाइप पिळून तुटला तर जुन्या गाडीचा तसा पाइप मिळेपर्यंत दोन-तीन दिवस गाडी उभी.

आणि गॅस. गंजलेला नट तापवला की सुटतो हे खरे, चासीच्या नटबोल्टांना तो उपाय चालतो. पण इंधनाच्या फिल्टरजवळ गॅस कटर, स्टोव्ह, मेणबत्ती, ग्राइंडर, बिडी, काहीही नको. डिझेल पेट्रोलसारखे भडकत नाही म्हणून लोक निर्धास्त राहतात. रिकाम्या डब्यात राहिलेली वाफ पेटायला मात्र ज्वाळ पुरेशी होते.

पेट्रोलच्या गाडीचे वेगळे सांगायचे ते हे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीसरशी पसरत जाते आणि दूरच्या ठिणगीनेही पेटते. इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत इंजिन बंद असतानाही नळीत दाब राहतो. म्हणून आधी पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून इंजिन सुरू करावे, आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावे, मग बॅटरीची वायर काढावी, आणि तरीही नट सैल करताना त्याभोवती फडके धरावे. काम उघड्यावर, शेजारी वाळूची बादली किंवा अग्निशामक सिलिंडर. हाताला हे जमणार नसेल तर जाणत्याकडे द्यावे, त्यात कमीपणा नाही. सीएनजी आणि एलपीजीच्या गाडीच्या गॅसच्या नळ्यांना तर घरी हातच लावू नये.

नवा फिल्टर बसवण्याचे थोडक्यात. जुन्याचा रबरी वॉशर डोक्याला चिकटून राहिला का ते बोट फिरवून बघावे. दोन वॉशर एकमेकांवर बसले की गळती ठरलेली. नव्या वॉशरला डिझेलचे बोट लावावे. डबा हाताने फिरवून वॉशर टेकला की आणखी अर्धा ते पाऊण फेरा, तोही हातानेच. पाना लावून आवळलेला फिल्टर पुढच्या खेपेला पुन्हा हाच त्रास देतो. डब्यात आधी डिझेल भरायचे झाल्यास कडेच्या लहान भोकांतून, मधल्या मोठ्या भोकातून नाही, कारण मधली बाजू गाळलेल्या डिझेलची असते. पाइपाच्या तांब्याच्या चकत्या नव्या घालाव्यात. नवी मिळाली नाही तर जुनी लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकली की तांबे मऊ पडते आणि चकती पुन्हा बसते. अर्थात हे तापवणे गाडीपासून लांब, घरच्या शेगडीवर.

मग एअर काढायची. फिल्टरच्या डोक्यावरचा लहान स्क्रू सैल करून हाताने पंप मारत राहावे. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग नुसते डिझेल. तेव्हा स्क्रू आवळावा. नंतर पंपावरच्या स्क्रूचे तसेच. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये, मध्ये विसावा द्यावा. जुन्या पंपाच्या गाडीत त्यानेही न भागल्यास नोजलचे नट किंचित सैल करून सेल्फ मारतात, पण त्या वेळी बोट किंवा चेहरा जवळ नेऊ नये. दाबाने उडालेली डिझेलची बारीक धार कातडीत शिरते. जखम सुईच्या टोकाएवढी दिसते, दुखतही नाही, आणि आतून हात सडवते. असे झाले तर घरी मलम न लावता त्याच तासाला मोठे इस्पितळ गाठावे. कॉमन रेलच्या नव्या गाड्यांत, म्हणजे एप्रिल २०२० पासून विकल्या गेलेल्या बीएस ६ डिझेल गाड्यांत आणि त्याआधीच्याही अनेकांत, हा दाब हजार बारच्याही वर जातो. त्यांचे नट असे सैल करायचेच नसतात.

एक गोष्ट ह्या कामात हमखास दिसते आणि आम्हांला ती सहन होत नाही. टाकीतून डिझेल काढायचे म्हणजे नळी तोंडात धरून ओढायची, आणि हे काम नेहमी गॅरेजच्या पोऱ्याला. त्यात मर्दानगी मानतात. प्रत्यक्षात घोट चुकला तर डिझेल पोटापेक्षा फुफ्फुसात जास्त घात करते. असे झाले तर मुलाला उलटी करायला लावू नये, मिठाचे पाणी पाजू नये, कारण उलटीबरोबर ते पुन्हा श्वासनळीत उतरते. तोंड धुवावे, डिझेलने भिजलेले कपडे बदलावेत आणि लगेच इस्पितळात न्यावे, वाहन नसेल तर १०८ ला फोन करावा. तासा-दोन तासांत खोकला नाही म्हणून बरा झाला असे समजू नये, धाप नंतरही लागते. हे सगळे टाळायला हातपंपाची नळी पुरते. ती स्वस्तात मिळते.

पोऱ्याचे वय हाही प्रश्न आहे. २०१६ च्या कायदादुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालील मुलाला गॅरेजात कामाला ठेवणे हा मालकाचा गुन्हा आहे. ज्या मुलाचा हात यंत्राला खरोखर वळतो, त्याला दहावी होऊ द्यावी. आयटीआयमध्ये मेकॅनिक डिझेलचा अभ्यासक्रम एक वर्षाचा आणि मोटर व्हेईकलचा दोन वर्षांचा आहे, दोन्हींना दहावीची अट. गॅरेजात शिकलेले हात आणि आयटीआयचा कागद दोन्ही असले तर एसटीच्या वर्कशॉपपासून खासगी कंपनीपर्यंत अर्ज करता येतो. नुसते हात असले तर आयुष्यभर दुसऱ्याच्या गॅरेजात पंधरवड्याचा हिशेब.

आता फिल्टर पुन्हा गंजू नये म्हणून काय करायचे ते. संध्याकाळी परतताना टाकी शक्य तेवढी भरलेली ठेवावी. पैशाची ओढ असते हे आम्ही जाणतो, म्हणून निदान पावसाळ्यात तरी. डब्यावर बाहेरून रंगाचा हात किंवा ग्रीसचा पातळ थर द्यावा, आट्यांची कड सोडू नये. बसवल्याची तारीख खडूने नव्हे तर रंगाने डब्यावर लिहावी. आणि महिन्यातून एकदा, पावसाळ्यात आठवड्याला, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी सेल्फ मारण्यापूर्वी, डब्याखालचा बोल्ट सैल करून काचेच्या बाटलीत थोडे डिझेल काढावे. बाटली पाच मिनिटे ठेवली की पाणी खाली आणि डिझेल वर असा थर स्पष्ट दिसतो. पाणी येत असेल तोवर काढत राहावे, नुसते स्वच्छ डिझेल येऊ लागले की बोल्ट बंद करून हातपंपाचे चार टोले मारावेत. बाटली पोरांच्या हाताला लागेल अशी ठेवू नये, आणि ते पाणी गटारात किंवा विहिरीजवळ ओतू नये. गॅरेजातल्या काळ्या ऑइलच्या पिंपात टाकावे.